चला शिकूया : ऑफिसचा संगणक गावातून कसा वापरायचा?



आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र म्हणजे नियमित लेखे. गटाचं दप्तर गटात लिहिलं जातं, पण संघाचे हिशोब आता बहुतेक ठिकाणी संगणकावर गेले आहेत. तो संगणक असतो तालुक्याला, संघाच्या ऑफिसात. सहयोगिनी असतात गावोगावी. एखाद्या गटाची बँकेत कर्जाची फाईल अडली आणि साहेबांनी विचारलं, "ताई, जुन्या कर्जाची बाकी किती?" तर उत्तर त्या एका संगणकात असतं आणि लेखापाल ताई नेमक्या रजेवर असतात. मग एसटीने तालुका गाठायचा, नाहीतर फोनवर "बघून सांगते" म्हणून थांबायचं.

यावर एक उपाय आहे. ऑफिसचा संगणक ऑफिसातच राहतो, पण ज्यांना परवानगी दिली आहे त्या सख्या गावातून, आपल्या लॅपटॉपवरून तो चालवू शकतात. याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. अशा वापरासाठी जो संगणक कायम चालू आणि तयार ठेवलेला असतो त्याला म्हणायचं सर्व्हर. नाव मोठं आहे, पण वस्तू म्हणजे संगणकच.

हा पाठ दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. लेखापाल ताई आणि व्यवस्थापक ताईंना प्रत्यक्ष मांडणी करता यावी म्हणून. आणि अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष ताईंना, संगणकवाला समोर बसला असताना नेमके प्रश्न विचारता यावेत म्हणून. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. कारण ज्याच्या हातात सर्व्हरचा पासवर्ड, त्याच्या हातात संघाचं दप्तर.

१) हे चालतं कसं?

तुमच्या लॅपटॉपवर जे दिसतं ते ऑफिसच्या संगणकाच्या पडद्याचं चित्र असतं. तुम्ही कळ दाबली की ती ऑफिसला पोहोचते. तिथला संगणक काम करतो आणि बदललेलं चित्र परत पाठवतो. हिशोबाची फाईल ऑफिसातून हलत नाही. म्हणून तुमचा लॅपटॉप जुना, मंद असला तरी चालतो. आणि तो हरवला तरी हिशोब हरवत नाही, फक्त तुमचं खातं लगेच बंद करावं लागतं.

यात दोन प्रकार आहेत. पहिल्यात ऑफिसच्या संगणकाचा अख्खा पडदा समोर येतो. दुसऱ्यात फक्त एकच प्रोग्राम, समजा हिशोबाचा, तेवढाच उघडतो, जणू तो आपल्याच लॅपटॉपवर आहे. दुसरा प्रकार वापरायला सोपा आहे, कारण सखीला बाकीचं काही दिसत नाही. पण त्याची मांडणी अवघड असते आणि जाणकार माणूस लागतो. आपण पहिल्या प्रकारापासून सुरुवात करू.

२) आधी विचारा : आपल्याला याची गरज आहे का?

तुमचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये उघडत असेल किंवा सरकारी ॲपवर नोंदी थेट ऑनलाइन होत असतील, तर तो सर्व्हर दुसऱ्या कोणाचा तरी आधीच आहे. त्यासाठी वेगळा खर्च करू नका. हिशोबाचं सॉफ्टवेअर ऑफिसच्या एकाच संगणकात बसवलेलं असेल आणि दोन-चार जणींना ते बाहेरून लागत असेल, तरच पुढे वाचा. महिन्यातून एकदाच आकडा लागत असेल तर महिनाअखेरीची यादी पीडीएफ करून पाठवणं सगळ्यात स्वस्त.

३) तीन वाटा : एकीसाठी, आळीपाळीने आणि एकाच वेळी अनेकींसाठी

पहिली वाट : ऑफिसच्या संगणकात विंडोजची होम आवृत्ती असेल तर तिच्यात बाहेरून आत घेण्याची सोय नसते. होममधून दुसऱ्या संगणकावर जाता येतं, पण होममध्ये येता येत नाही. अशा वेळी क्रोम रिमोट डेस्कटॉपसारखी मोफत सोय एकट्या लेखापाल ताईंसाठी पुरते. त्यात गुगल खातं आणि किमान सहा आकडी पिन लागतो. त्या खात्याला दुहेरी पडताळणी लावलीच पाहिजे.

दुसरी वाट : विंडोजची प्रो आवृत्ती. यात रिमोट डेस्कटॉपची सोय आतच असते. पण एका वेळी एकच जण. गावातून सखी आत आली की ऑफिसातला पडदा कुलूपबंद होतो, आणि ऑफिसातलं कोणी बसलं की गावातल्या सखीचं कनेक्शन तुटतं. म्हणून इथे पाळी लावायची. सकाळी १० ते १ ऑफिस, दुपारी २ ते ४ सहयोगिनी, असं वेळापत्रक भिंतीवर लावा. लहान संघाला एवढं पुष्कळ होतं.

तिसरी वाट : विंडोज सर्व्हर. यात अनेक जणी एकाच वेळी, आपापल्या स्वतंत्र पडद्यावर काम करतात. पण परवान्याचं गणित नीट समजून घ्या. विंडोज सर्व्हरसोबत देखभालीसाठी फक्त दोन जोडण्या मिळतात. रोजच्या कामासाठी प्रत्येक व्यक्तीमागे किंवा प्रत्येक यंत्रामागे वेगळा रिमोट डेस्कटॉप परवाना विकत घ्यावा लागतो.

इथेच फसगत होते. हे परवाने न घेताही ही सोय १२० दिवस चालते. बसवणारा म्हणतो, "बघा ताई, सुरू झालं." पैसे घेऊन जातो. १ डिसेंबरला सुरू केलं असेल तर १२० दिवस भरतात ३१ मार्चला. ऐन वर्षअखेरीला कोणालाच आत जाता येत नाही. म्हणून दरपत्रक मागवताना तीन ओळी वेगळ्या लिहून मागा : विंडोज सर्व्हरचा परवाना, त्यात शिरण्याचे साधे परवाने आणि रिमोट डेस्कटॉपचे परवाने. एकच मोघम रक्कम लिहिलेलं दरपत्रक मंजूर करू नका.

दुसरा एक सापळा आहे. "प्रोवरच पाच जणी चालवून देतो, सर्व्हर कशाला?" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. तसं करणारे जुगाड बाजारात आहेत. ते परवान्याच्या अटी मोडतात आणि विंडोजचं पुढचं अपडेट आलं की बंद पडतात.

हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा परवानाही बघा. उदाहरणार्थ टॅलीचा सिल्व्हर परवाना एका वापरकर्तीसाठी आहे, अनेकींसाठी गोल्ड लागतो. सर्व्हर घेतला आणि टॅली सिल्व्हरच राहिली, तर पैसे गेले आणि काम तिथंच.

ज्यांचं काम लिबरऑफिससारख्या मोफत सॉफ्टवेअरवर चालतं त्यांनी लिनक्सचा विचार करावा. त्यावर एक्सआरडीपी नावाची मोफत सोय बसवली की अनेक जणी एकाच वेळी काम करू शकतात आणि माणशी परवाना लागत नाही. फक्त लिनक्स जाणणारं कोणीतरी जवळपास हवं. जवळच्या आयटीआय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात चौकशी करा.

४) संगणक केवढा, इंटरनेट किती?

साधा हिशोब करू. संगणकाला स्वतःसाठी ४ जीबी रॅम धरा. प्रत्येक सखीमागे २ जीबी. एका वेळी सहा जणी म्हणजे १२ जीबी. एकूण १६ जीबी. डिस्क एसएसडीच घ्या, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर सहा जणी एकदम आल्या की सगळ्याच खोळंबतात.

इंटरनेट घेताना बहुतेक जण डाउनलोडचा वेग बघतात. इथे उलटं आहे. चित्र ऑफिसातून बाहेर जातं, म्हणून ऑफिसचा अपलोड वेग महत्त्वाचा. हिशोबाच्या साध्या कामाला एकीमागे दीड एमबीपीएस धरला तर सहा जणींना ९ एमबीपीएस अपलोड लागेल. फायबरचं कनेक्शन असेल तर एवढं सहज मिळतं. गावातल्या सखीला मोबाइलचं ४जी पुरतं, पण नेट स्थिर हवं. वेग भरपूर आणि सिग्नल सारखा येतो-जातो, असं असेल तर काम रखडत चालतं.

वीज हा आपला नेहमीचा प्रश्न. संगणकाला यूपीएस लावाच, पण इंटरनेटच्या राउटरलाही बॅकअप द्या. संगणक चालू आणि राउटर बंद, तर गावातून काहीच दिसणार नाही. साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं टिकतो, तेवढ्यात काम जतन करून बाहेर पडायचं. जास्त वेळ हवा असेल तर इन्व्हर्टर. वळवाच्या पावसात विजा पडतात, म्हणून अर्थिंग तपासून घ्या. आणि संगणकाच्या बायोसमध्ये "वीज परत आली की आपोआप सुरू हो" असा पर्याय असतो, तो चालू करून घ्या. नाहीतर रविवारी वीज गेली की सोमवारी कोणी कुलूप उघडेपर्यंत सगळ्या गावांचं काम बंद.

५) मांडणी : एकेक पायरी

इथे विंडोज प्रोची मांडणी देत आहोत. सर्व्हरची तत्त्वंही हीच.

पायरी १. संगणकाचं विंडोज अपडेट करा. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. अशा जुन्या संगणकाला बाहेरून वापरासाठी उघडू नका.

पायरी २. खाती वेगवेगळी करा. व्यवस्था पाहणारं एक ॲडमिन खातं. ते फक्त सॉफ्टवेअर बसवायला, रोजच्या कामाला नाही. मग प्रत्येक सखीचं तिच्या नावाचं साधं खातं. "ऑफिस" नावाचं एकच खातं आणि सगळ्यांना एकच पासवर्ड असं करू नका. उद्या एखादी नोंद बदललेली सापडली तर कोणी बदलली ते कळायला हवं. त्यात निर्दोष सखीचंच रक्षण आहे.

पायरी ३. पासवर्ड लांब ठेवा, किमान बारा अक्षरांचा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडले की पासवर्ड लक्षातही राहतो आणि ओळखायलाही अवघड. गटाचं नाव, गावाचं नाव, मुलाची जन्मतारीख नको.

पायरी ४. सेटिंग्जमध्ये जा, सिस्टीम उघडा, त्यात रिमोट डेस्कटॉप. तिथला खटका चालू करा. खाली "नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन" असा पर्याय दिसतो, तो चालूच राहू द्या. त्यामुळे पासवर्ड बरोबर असल्याशिवाय पडदाच उघडत नाही. मग "रिमोट डेस्कटॉप यूजर्स" मध्ये ज्या सख्यांना परवानगी द्यायची त्यांचीच नावं घाला.

पायरी ५. चुकीच्या पासवर्डवर मर्यादा घाला. पाच वेळा चुकला की खातं पंधरा मिनिटं बंद, अशी सोय विंडोजच्या सुरक्षा धोरणात असते.

पायरी ६. संगणक झोपू देऊ नका. पॉवर सेटिंगमध्ये "स्लीप" चा पर्याय "कधीच नाही" करा. पडदा बंद झाला तर चालेल, संगणक नको.

पायरी ७. आधी ऑफिसातच तपासा. ऑफिसच्या वायफायवर दुसरा लॅपटॉप घ्या. स्टार्टमध्ये "रिमोट डेस्कटॉप कनेक्शन" शोधा. हे सगळ्या विंडोजमध्ये असतं, होममध्येसुद्धा. त्यात ऑफिसच्या संगणकाचं नाव किंवा नेटवर्कमधला पत्ता टाका, समजा १९२.१६८.१.५०. आपलं खातं, आपला पासवर्ड. पडदा उघडला की अर्धं काम झालं.

६) बाहेरून यायची वाट : इथे घाई नको

ऑफिसातला हा पत्ता ऑफिसच्या आतच चालतो. गावातून यायला वाट करावी लागते. आणि याच ठिकाणी बहुतेक घोटाळे होतात.

सोपी दिसणारी वाट अशी : राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचं दार इंटरनेटसाठी सरळ उघडून टाकायचं. ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला क्रमांक आहे. पाच मिनिटांत काम होतं, म्हणून बसवणाऱ्यांना ही वाट आवडते. पण हे म्हणजे संघाची पेटी बसस्टँडवर ठेवून नुसतं कुलूप लावण्यासारखं. जगभर अशी यंत्रं चालू आहेत जी रात्रंदिवस उघडी दारं शोधतात आणि पासवर्ड लावून बघत राहतात. दार सापडलं की आत शिरून सगळ्या फाईली कुलूपबंद करतात आणि खंडणी मागतात. याला रॅन्समवेअर म्हणतात. मे २०१९ मध्ये तर जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्येच अशी खोट सापडली की पासवर्ड न कळताही आत शिरता येत होतं. तिला ब्लूकीप असं नाव पडलं. मायक्रोसॉफ्टने तेव्हा आधार कधीच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली, इतकी ती गंभीर होती. दाराचा क्रमांक बदलला तरी धोका जात नाही, शोधणारी यंत्रं सगळीच दारं ठोकून बघतात.

बरोबर वाट म्हणजे व्हीपीएन. समजा तुमच्या घरापासून ऑफिसपर्यंत जमिनीखालून एक खाजगी बोगदा आहे. ज्यांच्याकडे बोगद्याची किल्ली आहे त्याच त्यातून येतात, रस्त्यावरच्या माणसाला बोगद्याचं तोंडच दिसत नाही. आत आल्यावर पुन्हा आपलं खातं आणि पासवर्ड लागतोच. म्हणजे दोन कुलपं.

व्हीपीएन दोन तऱ्हेनं करता येतो. वायरगार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आहे, पण ऑफिसच्या इंटरनेटला बाहेरून पोहोचता येईल असा पत्ता लागतो. तो हवा असेल तर इंटरनेट कंपनीकडे स्टॅटिक आयपी मागावा लागतो. मोबाइलच्या नेटवर आणि पुष्कळ ब्रॉडबँडवर एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे तो न मागता मिळत नाही. दुसरी तऱ्हा टेलस्केलसारख्या सेवेची. त्यात असा पत्ता लागत नाही. ऑफिसच्या संगणकात आणि प्रत्येक सखीच्या लॅपटॉपमध्ये ॲप बसवायचं, खात्याने आत यायचं, की प्रत्येक यंत्राला १०० ने सुरू होणारा एक खाजगी पत्ता मिळतो. रिमोट डेस्कटॉपमध्ये मग तो पत्ता टाकायचा. मोफत किती जणींना आणि कोणत्या वापरासाठी, ते घेतेवेळी तपासा. आणि ही सेवा संघाच्या ईमेलवर घ्या, बसवणाऱ्याच्या ईमेलवर नको. दुहेरी पडताळणी लावा.

बसवून झाल्यावर ही परीक्षा घ्याच. लॅपटॉप मोबाइलच्या नेटवर जोडा. व्हीपीएन बंद ठेवून आत जायचा प्रयत्न करा. आत जाता येता कामा नये. मग व्हीपीएन चालू करा. आता आत जाता आलं पाहिजे. बसवणाऱ्यासमोर, अध्यक्ष ताईंच्या देखत ही परीक्षा झाल्याशिवाय बिल द्यायचं नाही.

७) रोजच्या सवयी

काम संपलं की खिडकीची फुली दाबून निघून जाऊ नका. फुली दाबली तर फक्त पडदा मिटतो, आत तुमचं काम उघडंच राहतं. फाईल अडकते आणि दुसरीला ती मिळत नाही. स्टार्टमध्ये जाऊन "साइन आउट" करा. घरातून निघताना दार नुसतं लोटून घेणं आणि कुलूप लावणं यात जो फरक आहे तोच इथे आहे.

पासवर्ड लॅपटॉपमध्ये जतन करू नका, विशेषतः घरातले सगळेच तो वापरत असतील तर.

सदस्यांचे आधार, पासबुकाचे फोटो सर्व्हरवरून आपल्या लॅपटॉपवर उतरवू नका. रिमोट डेस्कटॉपमध्ये दोन्हीकडच्या डिस्क जोडण्याची सोय असते, ती बंद ठेवा. सदस्यांनी ही कागदं संघावर विश्वास टाकून दिलेली असतात.

हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्येही अधिकार वेगळे द्या. सहयोगिनीला आपल्या गावांची बाकी बघायची असेल तर फक्त बघण्याचा अधिकार पुरे. नोंद करण्याचा आणि जुनी नोंद बदलण्याचा अधिकार मोजक्या जणींना. कोणी, कधी, काय बदललं हे नोंदवणारी सोय सॉफ्टवेअरमध्ये असेल तर ती चालू ठेवा.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. फोनवर कोणी म्हणालं, "मी बँकेतून बोलतोय, एक ॲप टाका, आकडी कोड सांगा," तर फोन ठेवा. पडदा दाखवणारी ॲप कामाचीच आहेत, पण ठग त्यांचाच वापर करतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशाच प्रकाराबद्दल बँकांना सावध केलं होतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

८) राखण : नकला आणि किल्ल्या

सर्व्हर आला म्हणून कागद सोडायचा नाही. रोजकीर्द आणि महिनाअखेरची बाकी छापून सहीनिशी फाईलला लावा.

संगणकातल्या हिशोबाच्या तीन प्रती हव्यात. एक चालू, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक ऑफिसच्या बाहेर. बाहेरची हार्ड डिस्क नक्कल झाली की काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतं. आणि दर तीन महिन्यांनी एकदा नकलेतून हिशोब परत उघडून बघा. न उघडलेली नक्कल म्हणजे न भाजलेली भाकरी, पोट भरेलच असं नाही.

प्रो आणि सर्व्हर आवृत्तीत बिटलॉकर नावाची सोय आहे. ती चालू केली तर संगणक चोरीला गेला तरी आतलं वाचता येत नाही. तिची ४८ आकडी किल्ली छापून घ्या. ती हरवली तर आपल्यालाही आत जाता येणार नाही.

आता किल्ल्यांबद्दल. आपल्या गटात पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे ठेवायची पद्धत आहे. ती अविश्वास म्हणून सुरू झाली नाही. कोणा एकीवर ओझं पडू नये, कोणा एकीकडे बोट दाखवलं जाऊ नये, म्हणून ती आहे. सर्व्हरलाही तीच पद्धत लावा. ॲडमिनचा पासवर्ड, व्हीपीएनचं खातं, राउटरचा पासवर्ड आणि बिटलॉकरची किल्ली एका कागदावर लिहा, पाकिटात घालून सील करा, त्यावर अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष दोघींच्या सह्या घ्या आणि कपाटात ठेवा. पाकीट उघडलं तर तारीख आणि कारण इतिवृत्तात लिहा, पासवर्ड बदला आणि नवं पाकीट करा.

बसवणाऱ्याला कायमचा ॲडमिन पासवर्ड देऊ नका. त्याचं वेगळं खातं करा. ते एरवी बंद. काम निघालं की चालू करायचं, लेखापाल ताईंनी समोर बसून काम बघायचं, झालं की पुन्हा बंद. चांगला कारागीर याला हरकत घेत नाही. "पासवर्ड माझ्याकडेच राहू द्या, तुम्हाला नाही जमायचं" असं जो म्हणेल, त्याच्याकडून पुढचं काम घेऊ नका. गटाचं पासबुक आपण कधी दुकानदाराकडे ठेवतो का?

कोणी सखी काम सोडून गेली की त्याच दिवशी तिचं खातं आणि व्हीपीएनची परवानगी बंद करायची. भांडण होऊन गेली असेल तरी, गोडीने गेली असेल तरी. नियम सगळ्यांना सारखा असला की कोणाला वाईट वाटत नाही.

९) सभेसाठी ठरावाचा नमुना

पुढच्या कार्यकारिणीत हा विषय घ्या. नमुना असा, गरजेप्रमाणे बदलून घ्या :

"संघाच्या कार्यालयातील संगणक दुरून वापरण्याची सोय करण्यास मंजुरी देण्यात येत आहे. वापराची परवानगी सोबतच्या यादीतील सदस्य व कर्मचाऱ्यांनाच राहील. प्रत्येकीचे खाते स्वतंत्र राहील. रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर थेट उघडा ठेवला जाणार नाही, व्हीपीएनमार्फतच वापरला जाईल. सर्व परवाने व खाती संघाच्या नावे राहतील. मुख्य पासवर्ड सीलबंद पाकिटात अध्यक्ष व कोषाध्यक्ष यांच्या सहीने ठेवले जातील. दर आठवड्याला हिशोबाची नक्कल घेण्याची जबाबदारी लेखापालांची राहील व दर तीन महिन्यांनी ती उघडून तपासल्याची नोंद सभेपुढे ठेवली जाईल. काम सोडणाऱ्या व्यक्तीचे खाते त्याच दिवशी बंद केले जाईल."

१०) स्वतःला तपासा

पाठ वाचून झाल्यावर सभेत एकमेकींना हे प्रश्न विचारा. उत्तरं वरच आहेत.

• आपल्या ऑफिसच्या संगणकात विंडोजची कोणती आवृत्ती आहे? तिच्यात बाहेरून आत येता येतं का?
• विंडोज प्रोवर एका वेळी किती जणी काम करू शकतात?
• दरपत्रकात रिमोट डेस्कटॉपच्या परवान्यांची ओळ नसेल तर १२० दिवसांनी काय होईल?
• मोबाइल नेटवर, व्हीपीएन बंद असताना, ऑफिसचा संगणक उघडला. हे चांगलं की वाईट?
• फुली दाबणं आणि साइन आउट करणं यात फरक काय?
• आज आपल्या संघाच्या संगणकाचा ॲडमिन पासवर्ड कोणाकडे आहे?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सभेतल्या कोणालाच देता आलं नाही, तर सर्व्हरचा विषय थोडा बाजूला ठेवा. आधी तो पासवर्ड संघाच्या ताब्यात घ्या, बदला, पाकिटात घाला. बाकीचं त्यानंतर.